दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना डाउनलोड दर वेळी तुटते. दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न: कोरी पाटी

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. विंडोजला धक्का न लावता शेजारी उबुंटू २४.०४ (लिनक्सवर आधारित प्रणाली) टाकावे आणि लॅपटॉप सुरू करताना हवी ती प्रणाली निवडता यावी, असा माझा बेत आहे. त्यासाठी डिस्क मॅनेजमेंटमधून १०० जीबी जागा मी आधीच मोकळी करून ठेवली आहे. तिथपर्यंत सगळे सुरळीत झाले. घोडे अडले ते डाउनलोडपाशी. गेल्या चार दिवसांत जे जे तुटले ते क्रमाने मांडते, कारण कोणती गोष्ट महत्त्वाची आणि कोणती नाही हे मला आता कळेनासे झाले आहे.

पहिल्या दिवशी सुमारे ६ जीबीची आयएसओ फाइल (म्हणजे प्रतिष्ठापनेची संपूर्ण डिस्क एकाच फाइलीत) मी ब्राउझरमधून थेट ३२ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर उतरवायला लावली. ती तीन वेळा तुटली आणि तिन्ही वेळा ४ जीबीच्या आसपासच. दुसऱ्या दिवशी तीच फाइल एसएसडीवर डब्ल्यूगेट या टर्मिनलमधून चालणाऱ्या डाउनलोड साधनाने उतरवली. फाइलचे मूळ नाव फार लांबलचक असल्याने मी ती ‘नवीन.आयएसओ’ या नावाने साठवली होती. रात्री वेग अगदी मंदावला म्हणून ती अर्ध्यावर थांबवली आणि सकाळी दुसऱ्या मिररचा (त्याच फाइली ठेवणाऱ्या पर्यायी सर्व्हरचा) पत्ता देऊन ‘पुढे चालू’ या पर्यायाने उरलेली उतरवली. फाइल पूर्ण झाली, पण विंडोजच्या सर्टयुटिल या आज्ञेने काढलेला एसएचए-२५६ (फाइल शाबूत आहे का हे ताडण्याचा तिचा ठसा) संकेतस्थळावरील आकड्याशी जुळला नाही.

तिसऱ्या दिवशी एका परिचितांकडून तयार आयएसओ आणली. तिचा एसएचए-२५६ तंतोतंत जुळला, म्हणून रूफस या साधनाने पेन ड्राइव्ह तयार केला आणि लॅपटॉप त्यावरून सुरूही झाला. प्रतिष्ठापना करताना ‘अतिरिक्त ड्रायव्हर आणि मीडिया फॉरमॅट उतरवा’ या दोन्ही चौकोनांत मी खूण केली होती. फाइली कॉपी झाल्या आणि नंतर पॅकेजेस उतरवण्याच्या टप्प्यावर पाऊण तास काहीच हलले नाही, तेव्हा नाइलाजाने बंद केले. नेटवर्कचाच दोष असावा म्हणून खात्री करण्यासाठी पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूमध्ये तीच आयएसओ पुन्हा उतरवून पाहिली. मध्ये एक-दोनदा अडखळत ती साडेतीन जीबीच्या थोडे पुढे गेली आणि ‘जागा शिल्लक नाही’ असे म्हणून थांबली. डिस्कवर तर १०० जीबी मोकळे पडले आहेत.

याच वाय-फायवर विंडोजमध्ये व्हिडिओ, बैठका, सगळे विनाअडथळा चालते. मग दोष वाय-फायचा, पेन ड्राइव्हचा, मिररचा की लॅपटॉपचा? आणि अर्धवट सुटलेल्या प्रतिष्ठापनेमुळे विंडोजला काही धोका आहे का?

उत्तर: तपासनीस

प्रश्न इतक्या क्रमवार मांडल्याबद्दल आभार, कारण उत्तर त्या क्रमातच दडलेले आहे. आपण चारही अपयशांना एकच कारण शोधत आहात आणि माझ्या मते गोंधळ तिथेच झाला आहे. आपल्या मजकुरावरून निदान तीन घटना एकमेकींशी पूर्णपणे असंबद्ध दिसतात आणि त्यांपैकी दोहोंचा नेटवर्कशी काडीचाही संबंध नाही.

पहिली घटना पेन ड्राइव्हची. ३२ जीबीपर्यंतचे बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात. ही पद्धत १९९६ सालची असून तिच्यात फाइलचा आकार नोंदवण्यासाठी फक्त ३२ बिटांची जागा राखलेली आहे, त्यामुळे एका फाइलचा आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, याहून मोठा होऊच शकत नाही. ड्राइव्हवर जागा कितीही मोकळी असली तरी त्या मर्यादेला पोचताच लिहिणे थांबते आणि ब्राउझर फक्त ‘डाउनलोड अयशस्वी’ एवढे सांगून मोकळा होतो. डाउनलोड दर वेळी ठरावीक आकड्यापाशी तुटत असेल तर आधी साठवणीकडे पाहावे; नेटवर्क इतके वक्तशीर कधीच नसते. शिवाय आयएसओ पेन ड्राइव्हवर नुसती साठवली असती तरी त्यावरून लॅपटॉप सुरू झाला नसता, कारण ती रूफस किंवा एचरसारख्या साधनाने त्यावर लिहावी लागते. ते आपण तिसऱ्या दिवशी बरोबर केलेच आहे.

दुसरी घटना मला सर्वांत रोचक वाटली. ‘पुढे चालू’ म्हणताना डब्ल्यूगेट सर्व्हरला एवढेच सांगते की माझ्याकडे इतके बाइट आहेत, त्यापुढचे द्या. सर्व्हर ‘२०६’ या क्रमांकाचे उत्तर देऊन पुढचे बाइट पाठवतो. आपल्याकडचा पहिला भाग कोणत्या फाइलचा आहे हे सर्व्हरला ठाऊक नसते आणि डब्ल्यूगेटही ते तपासत नाही. उबुंटू २४.०४ च्या २४.०४.१, २४.०४.२ अशा सुधारित आवृत्त्या निघत असतात आणि प्रत्येकीची आयएसओ वेगळी असते. मूळ नाव कायम असते तर दुसऱ्या मिररवरची फाइल वेगळ्या आवृत्तीची आहे हे नावावरूनच कळले असते आणि डब्ल्यूगेटने ती नव्याने सुरू केली असती. पण आपण दोन्ही वेळा ‘नवीन.आयएसओ’ हेच नाव दिल्यामुळे एका आवृत्तीचे धड आणि दुसरीचे शेपूट एकत्र जोडले गेले असावे. रात्री दिलेला आणि सकाळी दिलेला पत्ता टर्मिनलच्या इतिहासात असेल. दोन्हींतील फाइलींची नावे ताडून पाहा. लांबलचक नाव आवृत्ती सांगण्यासाठीच असते, ते बदलू नये.

तिसरी घटना ‘जागा शिल्लक नाही’ची. इथेही आकडा ४ जीबीच्या जवळचा आहे म्हणून पुन्हा फॅट३२ आठवेल, पण हा निव्वळ योगायोग आहे. पेन ड्राइव्हवरून चालणारे उबुंटू आपल्या एसएसडीला हात लावत नाही. त्या सत्रात आपण जे काही उतरवाल ते रॅममध्येच साठते आणि त्यासाठी साधारण निम्मी रॅम राखलेली असते. ८ जीबीच्या निम्मे ४ जीबी, त्यातून काही भाग ग्राफिक्सने आणि चालू सत्रानेच खाल्लेला, म्हणून साडेतीनच्या पुढे थोडेसे जाऊन आपण भिंतीला धडकलात. १६ जीबीच्या लॅपटॉपवर हीच फाइल पूर्ण उतरली असती आणि आपण भलताच निष्कर्ष काढला असता. त्या सत्रात मोठी फाइल उतरवायचीच असेल तर ती बाहेरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवावी, आणि तो फॅट३२ नसेल हे पाहावे.

उरते ते प्रतिष्ठापनेतील अडकणे आणि डाउनलोडमधील ‘एक-दोनदा अडखळत’. हे दोन शब्द आपण ओझरते लिहिले आहेत, पण माझी नजर त्यांच्यावरच थांबली. नेटवर्कचा खरा प्रश्न असलाच तर तो इथे आहे. तो तपासण्यासाठी पुढील एक प्रयोग करावा. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीत लहान अक्षरांत टंकाव्यात. पेन ड्राइव्हवरून सुरू करून टर्मिनलमध्ये ‘आयपी रूट’ अशी आज्ञा द्या. ‘डिफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढचा पत्ता आपल्या राउटरचा असतो. त्या पत्त्याला ‘पिंग’ (दर सेकंदाला छोटा संदेश पाठवून उत्तर येते का हे पाहणारी आज्ञा) सुरू करून खिडकी तशीच चालू ठेवा आणि दुसरीकडे एखादी मध्यम आकाराची फाइल उतरवायला लावा. डाउनलोड अडखळले त्या क्षणी राउटरकडून येणारी उत्तरेही थांबली, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेत आहे, मिरर कितीही बदलले तरी फरक पडणार नाही. राउटर नियमित उत्तरे देत राहिला आणि डाउनलोड मात्र थांबले, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे.

विंडोजबद्दल: यूईएफआय (लॅपटॉप सुरू करणारी आतली व्यवस्था) पद्धतीच्या लॅपटॉपवर दोन्ही प्रणालींचे बूट लोडर (प्रणाली सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) एकाच ईएफआय विभाजनात, पण वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात. आपण मोकळ्या जागेतच प्रतिष्ठापना केली असेल तर विंडोजच्या विभाजनाला काही झालेले नाही. पुढच्या प्रयत्नात मोकळ्या जागेतील अर्धवट राहिलेले विभाजन तेवढे पुसून नव्याने सुरुवात करावी.

उत्तर: रातकिडा

तपासनीस यांच्या पहिल्या तीन निदानांशी मी पूर्ण सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो आणि एका शंकेची.

आयएसओ पुन्हा उतरवायचीच असेल तर टॉरंटने, म्हणजे अनेक संगणकांकडून तुकड्यातुकड्यांनी, उतरवावी. उबुंटूसह बहुतेक मोठी वितरणे स्वतःच्या संकेतस्थळावर टॉरंटची फाइल देतात आणि ही पद्धत पूर्णपणे अधिकृत आहे. टॉरंटमध्ये फाइलचे तुकडे पडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश (एसएचए-२५६ सारखाच ठसा) आधीच ठाऊक असतो, त्यामुळे एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. वीज गेली, झाकण मिटले, लॅपटॉप झोपला, तरी पुढच्या वेळी जिथे सोडले तिथूनच नीट सुरू होते. आपल्या धड-शेपटाचा प्रकार टॉरंटमध्ये होऊच शकत नाही. अर्थात काही सामायिक नेटवर्कांवर टॉरंट बंद ठेवलेले असते, तिथे हा उपाय चालणार नाही.

दुसरी गोष्ट एसएचए-२५६ विषयी. तो ६४ चिन्हांचा असतो आणि पहिली-शेवटची चार-पाच चिन्हे पाहून ‘जुळला’ म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा. संकेतस्थळावरील ओळ आणि आपली ओळ नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवली की फरक डोळ्यांना लगेच खुपतो. आकडा नेहमी अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा, ज्या मिररवरून फाइल घेतली तिथून नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरकाव करून डाउनलोडचा दुवा बदललेल्या आयएसओकडे वळवला होता, तेव्हापासून मी तर परिचितांकडून आणलेली फाइलही तपासल्याशिवाय वापरत नाही. आणि त्याच फाइलचा हॅश लागोपाठ दोनदा काढल्यावर दोन वेगळी उत्तरे आली, तर डाउनलोडचा नाद सोडून मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारे साधन लावावे, कारण तेव्हा संशयित रॅम असते.

आता शंका. लहान पाने उघडतात आणि मोठे डाउनलोड लटकते, या लक्षणावरून मला एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या (डेटाच्या तुकड्याच्या) कमाल आकाराचा, संशय येतो. काही ब्रॉडबँड जोडण्या पीपीपीओई ही जोडणीची पद्धत वापरतात. तिचे स्वतःचे ८ बाइट जात असल्याने १५०० ऐवजी १४९२ बाइटांचेच पॅकेट जाऊ शकते. वाटेतील एखादे यंत्र ‘पॅकेट मोठे आहे’ हा निरोप गिळून टाकत असेल तर मोठी पॅकेटे निःशब्दपणे हरवत राहतात. तपासणी सोपी आहे: विंडोजमध्ये ‘पिंग’ला ‘वजा एफ वजा एल १४७२’ हे पर्याय देऊन एखाद्या बाहेरच्या पत्त्यावर पाठवावे. १४७२ मध्ये शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की बरोबर १५०० होतात. ते गेले तर एमटीयू निर्दोष. ते अडले आणि १४६४ गेले, तर माझा संशय खरा.

प्रश्नकर्तीचे उत्तर: कोरी पाटी

दोघांचेही मनापासून आभार. सांगितलेले सगळे करून पाहिले, निकाल पुढे देते.

टर्मिनलचा इतिहास पाहिला. रात्रीच्या पत्त्यात २४.०४.१ होते आणि सकाळच्या पत्त्यात २४.०४.२. मी केवळ मिररचे नाव पाहिले होते, पुढचा आकडा पाहिलाच नव्हता. पेन ड्राइव्हही फॅट३२ च निघाला.

एमटीयूची तपासणी केली: १४७२ सहज गेले, दहाही वेळा.

राउटरचा प्रयोग मात्र डोळे उघडणारा ठरला. सुरुवातीची तीन-साडेतीन मिनिटे प्रत्येक सेकंदाला एक ओळ नेमाने येत होती. मग २१२ क्रमांकाच्या ओळीनंतर पडदा स्तब्ध झाला आणि पुढची ओळ आली तिचा क्रमांक होता २२१. मधली आठ उत्तरे आलीच नाहीत आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या खिडकीतील डाउनलोडचा वेग शून्यावर आला होता. वीस मिनिटांत असे चार वेळा झाले. एकदा तर खंड अर्ध्या मिनिटाहून मोठा होता आणि त्या वेळी डाउनलोड पुन्हा सुरूच झाले नाही. लॅपटॉप राउटरपासून दोन हातांवर ठेवला होता, त्यामुळे सिग्नल कमी असण्याचा प्रश्न नाही. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने दिसणाऱ्या प्रणालीच्या नोंदींमध्ये त्या वेळेच्या आसपास ‘अ‍ॅक्सेस पॉइंटशी असलेली जोडणी तुटली’ अशा अर्थाची ओळ प्रत्येक वेळी दिसते.

मला न उलगडणारी गोष्ट अशी, की हे विंडोजमध्ये का होत नाही?

उत्तर: तपासनीस

आठ सेकंदांचा खंड आणि ती ओळ, एवढ्यावरून दोष हवेतला आहे हे नक्की झाले. विंडोजमध्ये हे दिसत नाही कारण कार्ड तेच असले तरी ते चालवणारा ड्रायव्हर वेगळा आहे आणि वीज वाचवण्याचे त्याचे धोरणही वेगळे आहे. शिवाय व्हिडिओ काही सेकंदांचा मजकूर आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे थोडा खंड पडला तरी पाहणाऱ्याला कळत नाही. पॅकेज उतरवणाऱ्या प्रोग्रामला अशी उसंत नसते.

उबुंटूमध्ये वाय-फायची वीजबचत मुळातच चालू ठेवलेली असते. वीजबचतीत कार्ड मधूनमधून डुलकी घेते आणि राउटरने तोवर पॅकेटे राखून ठेवावीत अशी अपेक्षा असते. काही कार्डे, काही ड्रायव्हर आणि काही राउटर यांचे या बाबतीत सूत जुळत नाही. कार्ड जागे होईपर्यंत राउटरने त्याची आशा सोडलेली असते. म्हणून सर्वप्रथम ही बचत बंद करून पाहावी: ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, पुढे आपल्या वाय-फायचे नाव, पुढे ‘८०२-११-वायरलेस.पॉवरसेव्ह’ आणि शेवटी २ हा आकडा. इथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू, हे जरा उलटेच वाटते, पण तसेच आहे. मग वाय-फाय एकदा तोडून पुन्हा जोडावे आणि राउटरचा तोच प्रयोग पुन्हा वीस मिनिटे चालवावा.

आणखी एक संशयित विंडोजच्या बाजूचा आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता गोठवून डिस्कवर ठेवला जातो. काही लॅपटॉपांवर यामुळे वाय-फाय कार्ड अर्धवट अवस्थेत दुसऱ्या प्रणालीच्या हाती येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा वेळी विंडोजचे विभाजन उबुंटूमधून फक्त वाचता येते, त्यावर लिहिता येत नाही. दोन प्रणाली एकत्र नांदवायच्या असतील तर ही सोय बंदच ठेवावी. नुसते पडताळून पाहायचे असेल तर विंडोजमधून ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करून पेन ड्राइव्हवर यावे, कारण रीस्टार्टमध्ये गाभा खरोखर बंद होतो.

या दोन्हींनी गुण आला नाही, तर वाय-फायशी झगडत बसू नये. फोन यूएसबी तारेने जोडून टेदरिंग चालू करावे. लॅपटॉपला फोन हे तारेचे नेटवर्क कार्ड वाटते, त्यामुळे वाय-फायच्या ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोन त्या वेळी वाय-फायला जोडलेले असतील तर तेच पुढे देतात, म्हणजे मोबाइल डेटाही खर्ची पडत नाही.

आणि प्रतिष्ठापनेसाठी मी स्पष्टच सांगेन की नेटवर्क मुळीच जोडू नका. प्रतिष्ठापनेच्या सुरुवातीला ‘इंटरनेटशी जोडू नका’ असा पर्याय असतो तो निवडा, दोन्ही चौकोन कोरे ठेवा. लागणारे सर्व काही त्या ६ जीबींत आहे. अद्ययावत पॅकेजे आणि ड्रायव्हर नंतर, प्रणाली एसएसडीवरून सुरू झाल्यावर, शांतपणे उतरवता येतात. तेव्हा मध्येच काही तुटले तरी नुसती आज्ञा पुन्हा द्यावी लागते. प्रतिष्ठापना अर्ध्यावर लटकत नाही.

उत्तर: रातकिडा

एमटीयूबाबत मी चुकलो, हे मान्य. लक्षण जुळत होते, पण राउटरचीच उत्तरे पोचत नाहीत म्हटल्यावर पुढचा विचार करण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी सांगायची राहिली होती. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवण्याची सोय) मालकाच्या नकळत चालू असते. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का हे आधी पाहून कागदावर उतरवून ठेवावी. लॅपटॉप अडून बसल्यावर ती त्याच लॅपटॉपमधून शोधता येत नाही.

नवा प्रश्न: शेजारचा बाक

याच विषयातला असल्याने वेगळा धागा काढत नाही. माझा लॅपटॉप बरेच महिने कपाटात पडून होता. त्यावर उबुंटू टाकले, प्रतिष्ठापना झाली, पण ‘एपीटी अपडेट’ (मिररवरील पॅकेजांची यादी ताजी करणारी आज्ञा) करताच ‘रिलीज फाइल अद्याप वैध झालेली नाही’ असे येते आणि ब्राउझरमध्ये जवळपास प्रत्येक संकेतस्थळाला प्रमाणपत्राची तक्रार दिसते. नेटवर्क व्यवस्थित आहे, राउटरचे पिंगही अखंड आहे. मिरर तीनदा बदलला.

उत्तर: तपासनीस

मिरर बदलू नका, कोपऱ्यातील घड्याळ पाहा. तारीख काही महिने मागे असणार. बरेच दिवस पडून राहिलेल्या लॅपटॉपची घड्याळाची बॅटरी उतरते आणि तारीख मागे जाते. मिररवरील रिलीज फाइलवर ती कधी तयार झाली याची वेळ असते. लॅपटॉपच्या दृष्टीने ती वेळ अजून यायची आहे, म्हणून तो ती नाकारतो. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांचेही तसेच, बरीच प्रमाणपत्रे तर ९० दिवसांचीच असतात.

एरवी उबुंटू नेटवर्कवरून वेळ आपोआप दुरुस्त करते, पण त्यासाठी लागणारे यूडीपी १२३ हे पोर्ट आपल्या नेटवर्कवर अडवलेले असावे. ‘टाइमडेटसीटीएल’ अशी आज्ञा द्या. तिच्या उत्तरात घड्याळ जुळलेले आहे की नाही याची ओळ दिसेल. तिथे ‘नाही’ असेल तर सेटिंगमधून तारीख आणि वेळ हाताने घालावी, मग एपीटी पुन्हा चालवावे. बॅटरी बदलेपर्यंत हा प्रकार पुन्हा होऊ शकतो.

शेजारचा बाक

घड्याळ सात महिने मागे होते. वेळ घातली आणि पहिल्याच प्रयत्नात अपडेट झाले. तीन मिरर उगाच बदलले.

प्रश्नकर्तीचे उत्तर: कोरी पाटी

वीजबचत बंद केल्यावर पिंग चाळीस मिनिटे चालवले, त्यात एकही ओळ गळली नाही. फास्ट स्टार्टअपही बंद केले, पण ते नंतर. त्यामुळे गुण कशाने आला हे निश्चित आहे. रिकव्हरी की पाहिली तर खरोखरच एन्क्रिप्शन चालू होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

प्रतिष्ठापना नेटवर्कशिवाय केली. अर्धवट विभाजन पुसले, त्याच जागेत नवे केले आणि वीस मिनिटांच्या आत प्रणाली सुरू झाली. नव्या प्रणालीत वीजबचत पुन्हा चालू झालेली दिसली, तेव्हा वाय-फाय जोडणीला आधी २ हा आकडा दिला आणि मगच अपडेट सुरू केले. मध्ये एकदा ‘हॅश सम मिसमॅच’ (ठसा जुळत नाही) आले, पण पंधरा मिनिटांनी तीच आज्ञा दिल्यावर ते गेले.

एकच गोष्ट राहिली आहे. विंडोजमध्ये परत आल्यावर घड्याळ काही तासांनी चुकते. दुरुस्त केले तरी उबुंटूत जाऊन आल्यावर पुन्हा चुकते. वरचा प्रश्न वाचून भीती वाटली की माझीही बॅटरी गेली की काय.

उत्तर: रातकिडा

बॅटरी ठणठणीत आहे. फरक दर वेळी तेवढ्याच तासांचा असेल तर तो आपल्या प्रमाणवेळेचा आहे. लॅपटॉपच्या आतील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते आणि उबुंटू यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिते. दोघेही त्याच घड्याळात आपापल्या पद्धतीने वेळ लावतात आणि वाचतात.

उबुंटूला स्थानिक वेळ लिहायला लावता येते, पण तसे केल्यास ‘टाइमडेटसीटीएल’ स्वतःच ती पद्धत पूर्णपणे समर्थित नसल्याची सूचना दाखवते, म्हणून मी विंडोजला यूटीसी शिकवणे पसंत करतो. त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) ‘टाइमझोनइन्फर्मेशन’ या की-खाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाचे डीवर्ड मूल्य तयार करून त्यात १ लिहावे आणि रीस्टार्ट करावे. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी ती की निर्यात करून ठेवावी.

‘हॅश सम मिसमॅच’बद्दल: मिरर स्वतः अद्ययावत होत असताना यादी एका क्षणाची आणि पॅकेज दुसऱ्या क्षणाचे मिळाले की ते येते, आणि थोडे थांबल्यावर बहुधा जाते. पुन्हा आले आणि थांबूनही गेले नाही, तर ‘व्हार’मधील ‘लिब’, त्यातील ‘एपीटी’, त्यातील ‘लिस्ट्स’ या फोल्डरातील याद्या पुसून अपडेट पुन्हा द्यावे.